शांत पाणी

आमच्या जाऊबाईंना समुद्राची भीती वाटायची, हे कुणाला सांगून पटायचं नाही. सगळा जन्म किनाऱ्यावर काढला, घर वाळूपासून हाकेच्या अंतरावर, धंदा समुद्राच्या जिवावर, पण बाई कधी घोट्याच्या वर पाण्यात गेली असेल तर शपथ. माहेर कोरड्या मुलखातलं. लग्न होऊन आल्या तेव्हा लाटांच्या आवाजाने दचकून उठल्या आणि भावोजींना म्हणाल्या म्हणे, "अहो, कुणीतरी दार ढकलतंय." भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. ही गोष्ट ते येईल त्या पाहुण्याला हसत हसत सांगायचे. हल्ली नाही सांगत.

का नाही सांगत, तेच सांगायला बसलेय. आमच्याकडे उतरलेला एक बाप आपल्या सहा वर्षांच्या पोरीला घेऊन पाण्यात उतरला आणि दोघांचा जीव टांगणीला लागला. निष्काळजी होता म्हणून नव्हे. जाऊबाईंनी सांगितलेलं त्याने तंतोतंत ऐकलं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मध्येच मला अडवून विचाराल की त्या बापाची अक्कल कुठे गेली होती. अक्कल होती. भरपूर होती. त्याच्या अकलेबद्दल कुणी एक शब्द काढला तर मी ऐकून घेणार नाही.

तर आमचं घर असं की वर तीन खोल्या पाहुण्यांच्या, खाली आम्ही. गच्चीवरून अख्खा किनारा दिसतो. स्वयंपाकघर माझ्याकडे. आमचे हे जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा तोंड दाखवतात, तेही दाढीत लपवून. भावोजींची होडी, तिच्यातून ते पाहुण्यांना फिरवून आणतात. आणि बाकी सगळं, म्हणजे पाहुणे धरून आणण्यापासून त्यांच्या पोरांची नाकं पुसण्यापर्यंत, जाऊबाईंकडे. आमच्याकडे खोली फक्त पोराबाळांवाल्यांना. नुसतं जोडपं आलं की बाई दारातूनच विचारायच्या, "पोरं कुठायत? नाहीत? मग पुढच्या वळणावर लॉज आहे, तिथे टीव्हीसुद्धा आहे." मी कपाळावर हात मारून घ्यायचे. चांगली भाड्याची खोली रिकामी पडलेली, आणि बाईंचं हे खूळ.

खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. त्यांचे दोन्ही मुलगे लांब शहरात. नातवंडं तीन. ती आजीला भेटतात फोनवर, आणि समुद्रही बघतात फोनवर. जाऊबाई गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून फोन समुद्राकडे धरायच्या आणि ओरडायच्या, "दिसला का रे? दिसला का?" पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "आजी, तुझा अंगठा दिसतोय." फोन ठेवला की बाई त्याची काच पदराने पुसायच्या. मग खाली यायच्या आणि कुणाच्या तरी पोराला धरून त्याच्या कानातली वाळू काढायच्या.

आवाज असा की गावात त्यांना भोंगा म्हणत. तोंडावर नाही हो, कुणाची छाती होती. पण भाजीवाल्यापासून सगळे भोंगाच म्हणायचे. परसात रबरी नळी घेऊन उभ्या राहायच्या आणि किनाऱ्यावरून आलेल्या पोरांना एकेक करून धुवायच्या, पोरांना आणि पोरांच्या बापांनाही. "वाळू घरात आणलीत तर वाळूच वाढीन ताटात!" फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या आयांना असं काही झापायच्या की मला आत चुलीशी लाज वाटायची. पण पोरं त्यांच्यावर जीव टाकत. जाताना पदर सोडत नसत. पुढच्या वर्षी तीच घरं परत यायची, पोरं वीतभर वाढलेली, आणि दारातूनच ओरडायची, "आजी!"

त्यांची एक शिस्त होती. पहिल्या दिवशी दीपगृह. दुसऱ्या दिवशी खडकातली डबकी, खेकडे, शिंपले. पाणी तिसऱ्या दिवशी. त्याआधी नाही म्हणजे नाही. "आधी पोराच्या कानाला आवाज ओळखीचा होऊ दे. मग डोळ्याला. मग पायाला." हे त्यांना आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता त्या सगळ्यांना एकच वाक्य सांगायच्या. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन: "मुलांना घेऊन शांत पाण्यातच उतरा हं."

आता इथे जरा नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे. आमच्याकडे 'शांत पाणी' म्हणजे वेळ. पाणी चढत असतं तेव्हा चढतं, उतरत असतं तेव्हा उतरतं, पण मध्ये थोडा वेळ असा येतो की ते ना चढतं ना उतरतं. थांबतं. त्याला आम्ही शांत पाणी म्हणतो. "शांत पाणी झालं की ये", "शांत पाण्याला होडी काढू", असं आमचं बोलणं. आमचं शेंबडं पोरही जाणतं. पूर्वी जाऊबाई नीट सांगायच्या, "पाणी शांत झालं की मी हाक मारते, मग उतरा." पण वर्षानुवर्षं तेच तेच सांगून वाक्य झिजत गेलं. हाक गेली, 'झालं की' गेलं, आणि राहिलं नुसतं 'शांत पाण्यातच उतरा'. त्याने काही बिघडतही नव्हतं, कारण आजवर पाहुण्यांनी ते कधी मनावर घेतलंच नव्हतं. हो हो म्हणायचे आणि जिथे गर्दी दिसेल तिथे जाऊन पडायचे. गर्दी असायची ती झेंड्यांच्या मध्ये, जिथे शिट्टीवाला जीवरक्षक खुर्ची टाकून बसलेला असायचा.

हे कुटुंब आलं तेव्हा हंगाम संपलेला. झेंडे काढून नेलेले, जीवरक्षकाच्या खोपटाला कुलूप. आदल्याच आठवड्यात समुद्र खवळून गेला होता आणि जाताना किनाऱ्याचा एक लचका तोडून घेऊन गेला होता. जिथे उतार होता तिथे खड्डा, जिथे खड्डा तिथे उंचवटा. भावोजी रोज सकाळी जाऊन बघून यायचे आणि चहा प्यायला बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "अजून बसलं नाही ते." म्हणजे वाळू अजून जागेवर बसली नव्हती.

बाप चष्म्याच्या दुकानाचा मालक. बारीक अंगाचा, बोलायला मऊ, आणि काळजी इतकी की मी पहिल्याच दिवशी त्याचं नाव काळजीवाहू ठेवलं. गच्चीचा कठडा हलवून बघितला. पाणी उकळलेलं आहे का विचारलं. शेजारच्यांचा कुत्रा चावतो का विचारलं. पोरीसाठी टोपी, आणि ती टोपी उडाली तर दुसरी टोपी. बायको हसून म्हणाली, "यांच्या खिशात दवाखाना असतो." खरंच होता, मलमपट्टीचं पाकीट निघालं. जाऊबाई तर खूश. "असा बाप पाहिजे," मला म्हणाल्या. "नाहीतर बाकीचे. पोर बुडत असेल तरी फोटो काढतील."

मी म्हटलं, "अभद्र बोलू नका."

पोरगी पुढचे दोन दात पडलेली, बडबडी. तिला सगळ्याचं कारण हवं. दीपगृहाच्या जिन्यावर मध्येच बसली आणि विचारलं, "हे कुणाला दिवा दाखवतं?" जाऊबाई म्हणाल्या, होड्यांना. "दिवसा का नाही दाखवत?" दिवसा दिसतं म्हणून. "दिवसा कुणी बुडत नाही?" जाऊबाईंनी तिला हाताला धरून वर नेलं. घरी आल्यावर मला सांगून हसल्या, पण मला ते हसणं काही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडकात मीही गेले होते. ऊन चांगलं होतं, तरी मला कसंतरीच वाटत होतं. डबक्यांत एरवी खेकडे इतके की पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी शोधून शोधून एक मिळाला, तोही फटीत अंग चोरून बसलेला. पोरगी काडीने त्याला बोलावत होती. बापाने तिच्या फ्रॉकचं मागचं टोक मुठीत धरलेलं, सोडलंच नाही. आणि तिथून समोर बघितलं तर खवळल्यानंतर समुद्राने नवी खेच पाडलेली मला दिसली. खेच म्हणजे काय सांगते. लाटा वाळूवर येऊन फुटतात, पण आलेलं पाणी परत कुठून तरी जायला हवं ना? ते एका अरुंद पट्ट्यातून आत जातं, ओढ घेत. तिथे लाट फुटत नाही, फेस नाही, आवाज नाही. दोन्ही बाजूंना पांढरं उसळतंय आणि मध्ये हा गुळगुळीत पट्टा. आमच्याकडचा कुणी मेला तरी तिथे पाय घालणार नाही. मी जाऊबाईंना बोटाने दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई गं, नवीच पडली की. या पाहुण्यांना सांगेन मी."

आणि त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी. चहा ओतता ओतता.

भावोजी इंजिनाचं काहीतरी बिघडलं म्हणून धक्क्यावर गेलेले. बाईचं म्हणजे त्या पोरीच्या आईचं डोकं सकाळपासून दुखत होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही दोघं जा ना आपले. मला जरा पडू दे. घरात बसलात तर ही मला झोपू द्यायची नाही." पोरगी तर केव्हाची कमरेला रबरी रिंग चढवून तयार. बापाने त्या रिंगला बारीक दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. ओढून बघितली. परत बांधली. मग दारात थांबून त्याने जाऊबाईंना विचारलं, "आज पाणी कसं आहे? काही बघायला हवं का?"

जाऊबाई दुसऱ्या खोलीतल्या पाहुण्यांचा हिशेब मिटवत होत्या, एक हात किटलीवर. म्हणाल्या, "काही नाही हो, फक्त शांत पाण्यातच उतरा. पोर आहे बरोबर."

"शांत पाण्यातच," तो म्हणाला. मान डोलावली. पोरगीही म्हणाली, "शांत पाण्यातच!" आणि गेली दोघं.

जाऊबाईंच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. आत्ता पाणी उतरतंय, म्हणजे आत्ता काही कुणी उतरणार नाही. वाळूत घर करतील, शिंपले गोळा करतील, दुपारी पाणी थांबलं की पाय भिजवतील. सरळ होतं. सांगितलंय ना शांत पाण्यात.

थोड्या वेळाने आम्ही दोघी गच्चीवर धुणं वाळत घालायला गेलो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, चादरी बाहेरच्या बाजूला फडफडत होत्या. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त ती दोन टिंबं. एक उंच, एक बुटकं, पिवळ्या रिंगवालं. ती पाण्याच्या कडेने चालत होती. थांबायची, बाप वाकून पाण्याकडे बघायचा, मग पुढे जायची. परत थांबायची.

"बघ, कसा बघून बघून चाललाय," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्याकडचा असता तर घातलं असतं पोराला कुठेही."

मी चिमटे तोंडात धरलेले, नुसतं हूं केलं.

लाटा फुटत होत्या तिथे तो थांबला नाही. पुढे गेला. मग एका जागी उभा राहिला, बराच वेळ. मग वळला आणि आमच्या घराकडे बघितलं. एक हात वर केला. दुसऱ्या हाताने पाण्याकडे दाखवलं.

"अगंबाई, हात करतोय आपल्याला!" जाऊबाई म्हणाल्या. हातातली ओली चादर खांद्यावर टाकली आणि हात उंच करून चांगला हलवला. दोनदा. "गुणी माणूस आहे हो."

त्याने मान हलवलेली मला तिथूनही दिसली. मग तो पोरीला घेऊन पाण्यात उतरला.

मी चिमटे तोंडातून काढले. त्याच्या डाव्या बाजूला पांढरं होतं, उजव्या बाजूला पांढरं होतं. मध्ये तो होता. "जाऊबाई," मी म्हटलं, "ते खेचेवर आहेत."

त्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग म्हणाल्या, "नाही. त्यांना सांगितलंय मी. शांत पाण्यात—" आणि तिथे त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी अगदी समोर होते. ते वाक्य तो माणूस कसं समजला असेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मग त्या ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, अजून मोठ्याने ओरडा. वारा तर आमच्याच बाजूचा होता. आमच्या चादरी समुद्राकडे उडत होत्या तरी आवाज काही पोचत नव्हता. अंतर फार, आणि त्याच्या दोन्ही कानांना लाटा. जाऊबाई कठड्यावर अर्ध्या लवून ओरडत होत्या, "मागे फिरा! अहो मागे फिरा!" आणि दोन्ही हात हलवत होत्या. ही चूक मला नंतर कळली. तिकडून ते काय दिसलं असेल? आजी अजून हात करताहेत, असंच. पोरीनेही तिकडून हात केला.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. धक्क्याकडे धावले, भावोजींच्या नावाने बोंब मारत. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि होडी ढकलली. बरोबर दोघे जाळेवाले उड्या टाकून चढले. इंजिन खोकलं, बंद पडलं, परत खोकलं. देवा रे, ते इंजिन. मी भावोजींना शिव्या घातल्या, त्यांच्या बापाच्या वयाच्या त्या इंजिनाला शिव्या घातल्या. मग ते लागलं.

मी परत वाळूवर आले तेव्हा जाऊबाई पाण्याच्या कडेशी उभ्या होत्या, अनवाणी, ती ओली चादर अजून खांद्यावर. समोर पट्टा तसाच गुळगुळीत. लांब, फार लांब, पिवळं काहीतरी वर खाली होत होतं. एकच पिवळं. त्याच्या शेजारी काही आहे का, ते दोघींपैकी कुणीही बोललं नाही.

पोरीची आई आली. आरडाओरडा ऐकून उठली असेल. केस मोकळे, एका पायात चप्पल. "कुठायत?" म्हणाली. जाऊबाईंनी समुद्राकडे बोट केलं. मी तिला धरलं. इतकी बारीक बाई, पण मला आवरेना. ती पाण्याकडे ओढत होती आणि मी मागे ओढत होते, आणि माझ्या मनात एकच, पोर तरी वाचू दे, बाकी काही मागत नाही. असं मनात आणलं मी. आणलं खरं.

पोर वाचली. भावोजींनी तिला रिंगसकट उचलून होडीत घेतलं, किनाऱ्यावर आणलं. निळी पडलेली, दात वाजत होते, पण जिवंत. आईने तिला असं काही कवटाळलं की सोडवून अंग पुसायला मला जबरदस्ती करावी लागली. भावोजींनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली. "रिंगची दोरी लोंबत होती. तुटलेली नाही. गाठ सोडलेली आहे."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. तो बुडायला लागला तेव्हा दोरी पोरीला खाली ओढत असणार. त्याने स्वतःच सोडली. पाण्यात, एका हाताने, ओढून बघून दोनदा बांधलेली गाठ.

भावोजी परत गेले. गावातल्या आणखी होड्या गेल्या. आम्ही वाळूवर बसून राहिलो. ऊन चढलं. कुणीतरी पाणी आणून दिलं, कुणीतरी छत्री रोवली. पोरगी आईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली. आई पुढे मागे हलत होती आणि तेच तेच बोलत होती. "मीच पाठवलं. मीच म्हटलं घरात बसू नका. डोकं दुखत होतं तर काय मरत होते मी? मीच पाठवलं त्यांना."

जाऊबाई तिच्या शेजारी बसलेल्या. गप्प. भोंगा गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या मनगटाला हात लावला आणि मानेनेच नको म्हटलं. होय, मला वाटत होतं त्यांनी काही बोलू नये. त्या बाईला ऐकून काय मिळणार होतं? माणूस परत येणार होता? आणि आमचं घर, आमचं नाव. मला या सगळ्याचा विचार आला, खोटं कशाला बोलू.

मग पोरीने टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज न करता. पोरगी बघत राहिली. म्हणाली, "आजी, रडू नका ना. बाबा शांत पाण्यातच आहेत. आम्ही बघून बघून शोधलं. तुम्हाला विचारलं पण, तुम्ही हो म्हणालात."

आई हलायची थांबली.

जाऊबाईंनी माझा हात झटकला. "तुझं काही चुकलेलं नाही, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांचंही नाही. मी सांगितलं तसंच केलं त्यांनी. मी शांत पाण्यात उतरा म्हणाले. आमच्याकडे शांत पाणी म्हणजे जागा नसते गं. वेळ असते. पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही, ती वेळ. तुम्हाला ते कळायचं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. इतकी वर्षं. आणि त्यांनी तिथून हात केला तेव्हा ते मला विचारत होते, इथेच ना? मी नुसता हात हलवला."

सगळं सांगितलं. एकही शब्द स्वतःकडे ठेवला नाही. मी वाळूकडे बघत होते. मला वाटलं, आता ही बाई जाऊबाईंच्या तोंडात मारेल, आणि मारलं तर मी मध्ये पडणार नाही.

तिने मारलं नाही. ओरडलीही नाही. जाऊबाईंकडे बघत राहिली, एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही की माणूस बघतं तशी. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग ती वेळ कधी असते?"

जाऊबाईंनी समुद्राकडे बघितलं. मीही बघितलं. सकाळपासून आमच्या कानाशी होता तो आवाज कधी थांबला, मला कळलं नव्हतं. पट्टा नव्हता, पांढरं नव्हतं. कडेचं पाणी वाळूला नुसतं टेकून उभं होतं.

"आत्ता," जाऊबाई म्हणाल्या.

ती उठली. पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाण्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली. लांबून आमची होडी येत होती. भावोजी एरवी अगदी वाळूला लागेपर्यंत इंजिन फटफटवत येतात. आज त्यांनी ते बंद केलं होतं आणि वल्ही मारत येत होते, सावकाश. जाळेवाले दोघे टोप्या काढून बसले होते. का, ते मला कळलं, जाऊबाईंना कळलं. ती मात्र हात डोळ्यांवर धरून अजून होडीत माणसं मोजत होती.